‘याला राउटर म्हणणं फसवणूक आहे’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

रोटरी टूलला (हातात धरायच्या, वेगाने फिरणाऱ्या छोट्या मशीनला) लावून त्याचा राउटरसारखा, म्हणजे लाकडात चर आणि खाचा पाडायला वापर करू देणाऱ्या आमच्या राउटर बेसला तुम्ही दोन तारे दिलेत आणि सोबत तीन फोटो टाकलेत. फोटो टाकलेत हे फार बरं केलंत, त्यामुळे मोघम बोलायची गरज उरली नाही. ज्यांनी तुमचा अभिप्राय वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हत्यारं ठेवायच्या सागवानी पेटीला तळाचं प्लाय बसवण्यासाठी तुम्हाला ६ मिमी रुंद आणि १० मिमी खोल चर पाडायचा होता. तो तुम्ही ३.२ मिमीच्या बिटाने (लाकूड कापणाऱ्या फिरत्या पात्याने), ५-५ मिमी खोलीच्या दोन फेऱ्यांत पाडलात. अर्ध्या लांबीनंतर चर कडेकडे सरकला, कडा करपल्या, मशीन हातात धरवेना इतकं तापलं आणि शेवटी बिट मोडलं. म्हणून तुम्ही लिहिलंत, ‘याला राउटर म्हणणं फसवणूक आहे.’

फसवणूक हा शब्द मला मान्य नाही, पण त्यामागची तुमची चीड रास्त आहे. चांगलं लाकूड आणि सुट्टीचा दिवस असा वाया गेला की कोणालाही वाईट वाटेल. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितोय.

आधी ताकदीचं बोलू. साधारण रोटरी टूल १३० ते १७५ वॅटचं असतं. एका हाताने चालवायचा छोटा राउटर, म्हणजे ट्रिमरसुद्धा ५०० वॅटच्या पुढे असतो, आणि मोठ्या राउटरची गोष्टच वेगळी. त्यात रोटरी टूलचा कोलेट (बिट पकडून ठेवणारा भाग) ३.२ मिमीचा, तर ट्रिमरचा ६ किंवा ६.३५ मिमीचा. जाडीतला हा फरक दुपटीचा दिसतो, पण दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. म्हणजे ३.२ मिमीची शँक (बिटाचा कोलेटमध्ये धरायचा दांडा) ६.३५ च्या तुलनेत जवळजवळ सोळापट जास्त वाकते. बेस कितीही पक्का बनवला तरी ही मर्यादा बेसच्या हातात नाही. आमच्या पत्रकात एका फेरीत जास्तीत जास्त ३ मिमी असं लिहिलंय ते याचसाठी, आणि सागवानासारख्या लाकडात तर मी २ मिमीच्या पुढे जाऊ नका असं सांगेन. सागवानात सिलिका असते, ती बिटाची धार फार लवकर खाते.

आता तुमचे फोटो.

पहिल्या फोटोत चर कडेच्या दिशेने सरकत गेलाय आणि शेजारी बेस ठेवलेला दिसतोय, त्याचा फेन्स (बेसला जोडलेला, फळीच्या कडेला टेकून चालणारा आधार) डाव्या हाताला लावलेला आहे. मशीन स्वतःपासून पुढे ढकलताना बिट वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. त्याची पुढची बाजू लाकडाला उजवीकडे रेटते, आणि लाकूड मशीनला डावीकडे. फेन्स डाव्या कडेला टेकवलेला असेल तर हा रेटा त्याला कडेपासून सोडवतो आणि चर कडेच्या जवळ जातो. तुमच्या फोटोत नेमकं तेच झालंय. फेन्स उजव्या कडेला लावा, म्हणजे तोच रेटा फेन्सला कडेवर घट्ट दाबून धरेल. फेन्सऐवजी फळीवर सरळ पट्टी क्लॅम्प करून तिच्या आधाराने बेस चालवणार असाल तर मात्र उलट, पट्टी डाव्या हाताला हवी. लाकूडकाम शिकताना हे सहसा कोणी सांगत नाही, आणि मोठ्या राउटरवर मजबूत हात हा दोष झाकून टाकतो. हलक्या मशीनवर तो लगेच उघडा पडतो.

दुसरा फोटो मी बराच वेळ मोठा करून बघितला. चराच्या भिंतीवर वरच्या दोन-तीन मिलिमीटरांची पट्टी काळी पडलीय, पण तिच्याखाली लाकूड बऱ्यापैकी स्वच्छ आहे. नुसतं वेगामुळे करपलं असतं तर भिंत वरपासून खालपर्यंत सारखी काळी झाली असती. इथे बिटाची धार खाली लाकूड कापत होती, आणि धारेच्या वरची गुळगुळीत शँक वरच्या भिंतीला घासत होती. बऱ्याच ३.२ मिमी सरळ बिटांची धार चराच्या खोलीपेक्षा कमी लांबीची असते. घेताना धारेची लांबी बघा, ती चराच्या खोलीपेक्षा थोडी तरी जास्त हवी. दुसरं म्हणजे चर बिटाइतकाच अरुंद ठेवून खोल जाऊ नका. तुम्हाला ६ मिमी रुंदी हवीच होती, तर प्रत्येक २ मिमी खोलीला आधी कडेजवळची रेष मारा, मग फेन्स सरकवून आतली, आणि मगच बिट खाली घ्या. भुशाला बाहेर पडायला जागा मिळते आणि उष्णता निम्म्याने तरी कमी वाटते. क्रमही हाच ठेवा, आधी कडेजवळची आणि मग आतली. उलटं केलंत तर बिट लाकडावर चढून पुढे पळायला बघतं.

करपलं की लोक आधी वेग कमी करायला सांगतात. मला ते पटत नाही. ३.२ मिमीचं बिट मिनिटाला ३०,००० गिरक्या घेत असलं तरी त्याची धार मिनिटाला साधारण ३०० मीटरच धावते, जाड राउटर बिटाची त्याच्या दुप्पट-तिप्पट धावते. बारीक बिटाला वेग लागतोच. करपतं ते मशीन एका जागी रेंगाळतं तेव्हा, कारण बिट झिलप्या काढायचं सोडून नुसतं घासत बसतं. तुमच्या चराच्या दोन्ही टोकांना डाग जास्त गडद आहेत, तिथे मशीन थांबलं असणार. हात सारखा पुढे चालू ठेवा, आवाज दबायला लागला तर ढकलणं थोडं हळू करा, आणि टोकाला पोचताच बिट वर उचला. मशीन तापण्याचंही कारण यातच आहे. मोटर थंड ठेवणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर असतो. भार टाकून मोटर मंदावली की पंखाही मंदावतो. शिवाय बेस वापरताना हात वर सरकून हवेच्या भोकांवर येतो, तेवढं सांभाळा.

तिसरा फोटो मोडलेल्या बिटाचा. ते कोलेटच्या नटाच्या अगदी तोंडाशी तुटलंय आणि तुटलेला तुकडा लांब आहे. १० मिमी खोली गाठायला तुम्ही बिट जवळजवळ पूर्ण बाहेर काढलं होतं असं यावरून दिसतं. बिट कोलेटच्या बाहेर दुप्पट लांब राहिलं तर त्याच रेट्याला ते आठपट वाकतं. म्हणून शँक कोलेटमध्ये पूर्ण आत घालायची, मग मिलिमीटरभर मागे ओढायची आणि पान्याने घट्ट आवळायची. नुसत्या बोटांनी आवळलेला नट काम चालू असताना सैल होतो आणि बिट हळूहळू बाहेर सरकून चर खोल करत जातं. कोलेटमध्ये भुसा साठला तरी बिट तिरकं बसतं, एक जुना ब्रश त्यासाठी जवळ ठेवा. बिट बदलताना प्लग काढलेला असू द्या. आणि तुमचं बिट तुटून उडालं तेव्हा डोळ्यांवर चष्मा होता का हे तुम्ही लिहिलं नाहीत. सेफ्टी गॉगल घातल्याशिवाय हे काम करू नका, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

एवढं सगळं पाळून १० मिमी खोल चर सागवानात पडतो, पाच थरांत, प्रत्येक थराला दोन रेषा. वेळ लागतो. पेटीच्या चार बाजूंना तेवढी खटपट परवडते. पण अशा पेट्या तुम्ही एकामागून एक करणार असाल, किंवा कपाटाच्या फळ्यांसाठी आडवे चर पाडायचे असतील, टेबलाच्या कडेला १२ मिमीची गोलाई द्यायची असेल, तर आमचा बेस घेऊ नका. सरळ ट्रिमर घ्या. हे मी विक्रेता म्हणूनच सांगतोय, दुकानात येणाऱ्यालाही हेच सांगतो.

मग हा बेस विकतो कशाला? कारण काही कामं मोठ्या राउटरला धड जमत नाहीत. छोट्या पितळी बिजागरीची दीड मिलिमीटर खोल खाच घ्या. चाकूने रेघ मारायची, रेघेच्या आत केसभर लाकूड ठेवून मधलं सगळं बेसने एका फेरीत काढायचं, आणि उरलेली कड पटाशीने साफ करायची. तळ सगळीकडे सारख्या खोलीचा येतो, जो नुसत्या पटाशीने आणायला बराच सराव लागतो. कोपऱ्यात बिटाची गोलाई फक्त १.६ मिमी उरते, ६.३५ च्या बिटाची त्याच्या दुप्पट. तंतुवाद्यं बनवणारे कारागीर शिंपल्याची नक्षी बसवायला रोटरी टूलच वापरतात, कारण तिथे बिटाचं टोक डोळ्यांना दिसणं महत्त्वाचं असतं आणि मोठ्या राउटरच्या बेसखाली ते दिसत नाही. पाटीवरची अक्षरं, डबीच्या झाकणावरची बारीक पट्टी, तुटलेल्या कडेला थिगळ बसवायची जागा, ही याची खरी कामं. त्या कामांसाठी मी या बेसच्या मागे ठामपणे उभा आहे.

तुमच्या बाबतीत मी असं ठरवलंय. बेस नको असेल तर परत पाठवा, वापरलेला असला तरी पूर्ण पैसे मिळतील, आणायला-न्यायचा खर्चही आमचा. ठेवायचा असेल तर लांब धारेची दोन कार्बाइड बिटं तुम्हाला पाठवतो, त्यांचे पैसे नकोत. दोन्हींपैकी काहीही निवडलंत तरी तुमचा अभिप्राय आणि तारे बदलायची गरज नाही.

एक तपासणी मात्र निर्णयाआधी करा. मशीनचा प्लग काढा, कोलेटमध्ये बिट आवळा आणि टोक बोटाने आडवं हलवून बघा. जराही खडखड जाणवली तर बेअरिंग सैल झालंय, आणि मग कोणत्याच बेसने चर सरळ येणार नाही. बघून ऑर्डरच्या मेसेजमध्ये कळवा, सोबत मशीनचं मॉडेलही लिहा, म्हणजे त्याच्या कोलेटला बसतील अशीच बिटं पाठवता येतील.