‘वर झेपेल तेच कॉलेज टाका’: बारावीच्या ग्रुपवरच्या सल्ल्याला उत्तर

सीईटीचे, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचे, निकाल तोंडावर आले की पुण्यातल्या बारावीच्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’ अशी सुरुवात, मध्ये लाल दिव्यांची रांग, शेवटी जोडलेले हात. लिहिणाऱ्याचं नाव नसतं. ‘प्रवेश प्रक्रियेतल्या अनुभवी सरांचा सल्ला’ एवढीच ओळख. मजकूर साधारण असा: इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेज-शाखांच्या पसंतीक्रमात, सगळ्यात वर झेपेल तेच कॉलेज टाका, स्वप्नातलं टाकलंत तर पहिली पसंती वाया जाते. गेल्या वर्षीच्या कटऑफपेक्षा अर्धा पर्सेंटाइल कमी असेल तर त्या कॉलेजवर फुली मारा. बारावीचे मार्क आता कोणी विचारत नाही. पहिल्या राउंडला मनासारखं लागलं नाही तर पुढे उरलंसुरलंच मिळतं, म्हणून मॅनेजमेंटची सीट आत्ताच धरून ठेवा. आणि यातलं काही समजत नसेल तर चांगला काउन्सेलर गाठा.

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. जून-जुलैत फिजिक्सपेक्षा ऑप्शन फॉर्मच जास्त बघतो. हा मेसेज ज्या घरांत पोहोचलेला असतो तिथला फॉर्म पहिल्या तीन ओळींतच ओळखू येतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

‘स्वप्नातलं कॉलेज वर टाकलं तर पहिली पसंती वाया जाते.’

वाया जात नाही. कॅप राउंडमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, जागा वाटताना संगणक मेरिट नंबराच्या क्रमाने एकेका विद्यार्थ्याकडे येतो. बारा हजाराव्या नंबरच्या मुलाची पाळी आली की त्याचा फॉर्म वरून खाली वाचला जातो. जिथे त्याच्या प्रकारातली जागा शिल्लक असेल, त्या पहिल्या ओळीवर त्याला जागा मिळते. मग पाळी बारा हजार एकची. वरच्या पाच ओळींवर काही नव्हतं म्हणून सहाव्या ओळीवरचा त्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही.

पालकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं ते वेगळंच: एखादं कॉलेज ज्यांनी पहिल्या क्रमांकावर टाकलं त्यांना ते आधी मिळतं आणि सातव्यावर टाकणारे मागे राहतात. तसं काही नाही. तुमचा मेरिट नंबर वरचा असेल, तर तेच कॉलेज पहिलं टाकणाऱ्या पण मागच्या नंबरच्या मुलाच्या आधी ती जागा तुम्हाला मिळते, तुम्ही ते सातवं टाकलेलं असलं तरी.

हा गैरसमज अकरावीच्या प्रवेशातून येत असावा. तिथे दहाच पसंतीक्रम देता येतात. दहाच्या दहा जागी फर्ग्युसन, एसपी आणि तशीच मोठी नावं भरली आणि मार्क तेवढे नसले, तर त्या फेरीत हाती काहीच लागत नाही. पण तिथेही घोटाळा वरच्या नावामुळे झालेला नसतो, खालचं नाव न टाकल्यामुळे झालेला असतो. इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. कागद पुरत नाही अशी सबबच नाही.

मेसेजमधला खरा धोका पुढे आहे. २०२५-२६ पासून कॅपचे चार राउंड झाले आणि त्याबरोबर जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होण्याचे नियम कडक झाले. पहिल्या राउंडमध्ये पहिली पसंती मिळाली तर तो प्रवेश घ्यावाच लागतो. दुसऱ्या राउंडमध्ये पहिल्या तीनपैकी कोणतीही मिळाली तरी तसंच, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी. नाही घेतला, तर पुढच्या कॅप राउंडमधून बाहेर.

आता समजा, एका मुलीला मनातून कर्वेनगरच्या कमिन्स या मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं कॉम्प्युटर हवंय आणि तिचा नंबर अगदी काठावर आहे. मेसेज वाचून वडिलांनी पहिल्या ओळीवर घराजवळचं, हमखास मिळणारं कॉलेज टाकलं. पहिल्या राउंडला ते लागलं आणि फ्रीझ झालं. दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला कमिन्सची यादी खाली आली तरी तिला आता उपयोग नाही. हमखास कॉलेज दहाव्या किंवा विसाव्या ओळीवर असतं तरी तिला ते मिळालंच असतं. जागा स्वीकारून, हजार रुपये भरून, बेटरमेंटसाठी, म्हणजे आणखी वरची पसंती मिळावी म्हणून, ती पुढे थांबू शकली असती. थोडक्यात, झेपेल तेच वर टाकणाऱ्याचीच पहिली पसंती वाया जाते.

बेटरमेंटचंही एक सांगून टाकतो, कारण दर वर्षी तिथे कोणीतरी अडकतं. पुढच्या राउंडला नवी जागा मिळाली की हातातली आपोआप रद्द होते. म्हणून नव्या फॉर्ममध्ये हातात आहे त्यापेक्षा खरोखर जास्त आवडणारेच पर्याय भरायचे. ‘असू दे, एक भरून ठेवू’ म्हणून टाकलेलं नाव नेमकं लागतं.

‘कटऑफपेक्षा अर्धा पर्सेंटाइल कमी, तर फुली मारा.’

आधी हिशेब करू. २०२५ मध्ये पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपची सीईटी चार लाखांहून जास्त मुलांनी दिली. म्हणजे एक पर्सेंटाइल साधारण चार हजार मुलं, अर्धा पर्सेंटाइल दोन हजार. ९९.५ आणि ९९ यांच्यामध्ये ही दोन हजार मुलं उभी असतात, आणि तिथे मोठ्या कॉलेजांच्या कॉम्प्युटरच्या जागा शेकड्यांत मोजायच्या असतात, त्यामुळे तो अर्धा पर्सेंटाइल ओलांडणं अवघडच. ८० आणि ८०.५ मध्येही तेवढीच मुलं, पण तिथे शेवटच्या राउंडनंतरही जागा रिकाम्या राहणारी कॉलेजं असतात. वर आणि खाली एकच पट्टी लावणारा नियम कोणत्याच टोकाला कामाचा नाही. पर्सेंटाइलऐवजी मेरिट नंबर बघा. कटऑफच्या यादीत तो पर्सेंटाइलच्या शेजारीच छापलेला असतो.

आणि कुठला कटऑफ? एकाच कॉलेजच्या एकाच शाखेपुढे दहा-पंधरा आकडे असतात, प्रत्येकावर एक कोड. कोडचं पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींच्या तीस टक्के आरक्षणातली. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (बारावी जिथून झाली तिथलं विद्यापीठ), ओ म्हणजे त्या विद्यापीठाबाहेरून आलेले, एस म्हणजे राज्य पातळी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या हद्दीत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे येतात. बारावी साताऱ्यातून किंवा सोलापुरातून झालेल्या मुलाने पुण्यातल्या कॉलेजचा ‘एच’चा आकडा पाहून आनंद किंवा दुःख करण्यात अर्थ नाही, त्याची रांग ‘ओ’ची. उलट लातूरचं कुटुंब, पण मुलाने अकरावी-बारावी पुण्यात केली, तर त्याची होम युनिव्हर्सिटी पुणे. पालक सभेला मी हे सांगतो तेव्हा निम्मे चेहरे पहिल्यांदाच ऐकल्यासारखे होतात, आणि तरी त्या सगळ्यांकडे कटऑफची पीडीएफ मोबाइलमध्ये असते.

ग्रुपवर फिरणारी पीडीएफ बहुतेक वेळा पहिल्या राउंडची असते, हेही लक्षात घ्या. जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या सामाईक प्रवेशाच्या, फेऱ्यांतून तिकडे जाणारी मुलं जागा सोडतात, मेडिकलकडे वळणारी सोडतात आणि यादी खाली सरकते. शिवाय जागांची संख्याही दर वर्षी तीच नसते. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२४-२५ पासून चांगल्या चालणाऱ्या संस्थांसाठी एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची वरची मर्यादा काढली. पुण्यात त्यानंतर कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या वाढवण्याची चढाओढच लागली. मागच्या वर्षीचा आकडा अंदाजासाठी ठीक आहे. त्या आकड्यावरून एखाद्या कॉलेजवर फुली मारायची गरज नाही, कारण वर सांगितलं तसं ते नाव टाकायला काही खर्च येत नाही.

‘बारावीचे मार्क आता कोणी विचारत नाही.’

मेरिट लिस्ट सीईटीवर लागते, एवढं यात खरं. पण इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला पात्र ठरायलाच फिजिक्स, मॅथ्स आणि तिसऱ्या विषयात मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि मागासवर्गीयांना ४० टक्के लागतात. एनआयटीसाठी जेईईच्या गुणांबरोबर बारावीला ७५ टक्के हवेत, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये नाव हवं. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ६५ टक्क्यांची आहे. सीईटीचा ८० टक्के अभ्यासक्रमही बारावीचाच असतो, उरलेला अकरावीचा. इंटिग्रेटेडच्या (कॉलेज नावापुरतं, शिकणं क्लासमध्ये) नावाखाली ज्या मुलांनी दोन वर्षं कॉलेजचं तोंड पाहिलेलं नसतं, त्यांच्यापैकी एखादा दर वर्षी प्रॅक्टिकलच्या परीक्षेला व्हर्निअर हातात धरून माझ्याकडे बघत उभा राहतो. असो.

‘मॅनेजमेंटची सीट आत्ताच धरून ठेवा.’

या वाक्यावर घरातले लाखो रुपये जातात. खासगी विनाअनुदानित कॉलेजात साधारण वीस टक्के जागा संस्था पातळीवर भरल्या जातात, हे खरं आहे. पण २०१५ च्या राज्य कायद्याने त्याही गुणवत्तेने भरायच्या असतात. जाहिरात द्यायची, अर्ज घ्यायचे, यादी लावायची. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या फीच्या वर, पावती न देता जे मागितलं जातं त्याला कॅपिटेशन फी म्हणतात, आणि महाराष्ट्रात त्यावर १९८७ पासून बंदी आहे. सीईटीचा निकालही लागलेला नसताना मे महिन्यात कोणी जागा ‘धरून’ देत असेल, तर तो गुणवत्ता यादी लागण्याआधीच जागा विकतोय. उद्या ती मिळाली नाही तर तुम्ही तक्रार कुठे करणार? हातात पावती नसते, आणि दिले कशासाठी हेही सांगायची सोय नसते.

काय गमावतो याचा हिशेब तर मेसेजमध्ये नसतोच. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाची निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं. २०२४-२५ पासून त्याच उत्पन्नमर्यादेत ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. दोन्हींना अट एकच, प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंटच्या जागेवर यातलं काही नाही. म्हणजे आठ लाखांच्या आतल्या घरातली ओबीसी मुलगी वडिलांच्या भीतीपोटी आधी जादा पैसे देते आणि मग चार वर्षांची सवलतही सोडते. टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्यूशन फी माफीच्या पाच टक्के जादा जागाही कॅपमधूनच मिळतात, आणि त्यांचे कोड वेगळे असतात. नेहमीच्या कोडबरोबर तो भरला नाही तर कोणी आठवण करून देत नाही.

‘उरलंसुरलंच मिळतं’ हे ज्यांना पहिल्या राउंडमध्ये काहीच लागलं नाही त्यांनाही लागू नाही. यादी पुढे कशी सरकते ते वर सांगितलंच आहे.

‘समजत नसेल तर काउन्सेलर गाठा.’

सगळे काउन्सेलर लबाड असतात असं मी म्हणणार नाही. घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जाणार असेल, तर जाणत्या माणसाजवळ दोन तास बसण्याने जीव थाऱ्यावर येतो. पण पैसे देण्याआधी एकच विचारा: कॉलेजकडून तुम्हाला काही मिळतं का? उत्तराआधी तो चहा मागवायला लागला तर उठा. नियमांची माहिती पुस्तिका, मागच्या वर्षांचे कटऑफ, वेळापत्रक हे सगळं सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फुकट आहे, आणि फॅसिलिटेशन सेंटरवर, म्हणजे प्रवेशाच्या मदत केंद्रावर, विचारायला पैसे पडत नाहीत. शाखेबद्दल विचारायचं तर त्याच कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या एखाद्या ताईला-दादाला कँटीनमध्ये गाठा. वर्ग होतात का, लॅब उघडी असते का, प्लेसमेंटच्या फलकावर ज्यांचे फोटो आहेत त्यांच्यामागे किती जण उरतात, हे तिथेच कळतं.

लॉगिनचा पासवर्ड आणि ओटीपी मात्र कोणालाच देऊ नका. तो ज्याच्याकडे असतो तो तुमचा फॉर्म बदलू शकतो आणि जागाही फ्रीझ करू शकतो.

मेसेजमध्ये एका गोष्टीचा उल्लेखच नसतो, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त मुलं तिथेच घसरतात: दाखले. नॉन क्रीमी लेअरचा दाखला प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असावा लागतो. तो नसेल तर ओबीसीतला मुलगा खुल्या प्रवर्गात मोजला जातो आणि वरचा कटऑफचा सगळा हिशेब बदलतो. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करता येतो, कारण वंशावळीचे जुने कागद गावाकडून आणायला कधीकधी महिने जातात. सेतू केंद्रावरची रांग जूनमध्ये जिन्यापर्यंत येते. फेब्रुवारीत, मुलं प्रॅक्टिकल देत असताना, तिथे खुर्ची मिळते.