वाहता कान, तेल आणि सरकारी दवाखाना: एका संदेशाला उत्तर

पुणे आणि आसपासच्या तालुक्यांतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशात म्हटले आहे, की मुलाचा कान वाहतो ती आतली घाण असते, ती अडवू नये. लसूण घालून गरम केलेले तेल कानात सोडावे. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात कानावर इलाज नसल्याने गोळ्या घ्याव्यात, नाही तर थेट ऑपरेशन करावे.

कानातून येतो तो पू असतो. दोन आठवडे उलटूनही कान वाहत असेल, तर पडद्याला भोक पडून मधल्या कानात संसर्ग मुरला आहे, असे समजावे. तो तसाच राहिला तर पडद्यामागची नाजूक हाडे झिजतात, ऐकू येणे कमी होते आणि वर्गात ते मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खाते. हे थांबवायलाच हवे.

तेलाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. फुटलेल्या पडद्यातून ते सरळ मधल्या कानात उतरते, आणि गरम असेल तर भाजतेही.

आरोग्य केंद्रात इलाज नाही, हे विधान मात्र सर्वांत घातक आहे, कारण त्यापायी मुळशीतली आई तिथे जातच नाही. या आजाराचा पहिला उपचार तिथेच होण्यासारखा आहे. स्वच्छ, शोषक सुती कापडाची वात करून कानात ठेवायची, ती भिजली की काढून दुसरी घालायची, आणि वात कोरडी निघेपर्यंत हे करत राहायचे. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे थेंब टाकायचे. दिवसातून तीनदा, दोन आठवडे. कान पुसण्याचा कंटाळा करून नुसते थेंब टाकले, तर औषध पुवावरच तरंगते. बाटलीवर ‘डोळे व कान’ असे छापलेले पाहून चुकीचे औषध मिळाले, असे मानू नये.

गोळ्यांनी हे काम भागत नाही. अशा कानात बऱ्याचदा स्यूडोमोनास हा जिवाणू असतो आणि नेहमीच्या अमॉक्सिसिलिनला तो दाद देत नाही. थेंबांमुळे औषध संसर्गाच्या जागीच मोठ्या प्रमाणात पोहोचते. दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणणेही धोक्याचे, कारण जेंटामायसिनसारखी औषधे फुटलेल्या पडद्यातून आतल्या कानाला इजा करू शकतात.

ऑपरेशनबाबत संदेशात थोडे तथ्य आहे. पुवाला कुजकट वास येत असेल किंवा दोन आठवड्यांच्या उपचारानेही कान सुकला नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे; हाड पोखरणारी गाठ असल्यास शस्त्रक्रियेला पर्याय नसतो. कानामागे दुखरी सूज, तोंड वाकडे होणे, तीव्र डोकेदुखीसह ताप यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी ससूनसारखे मोठे रुग्णालय गाठावे. एरवी पडदा बसवण्याचे ऑपरेशनही बहुधा कान कोरडा झाल्यावरच करतात, आणि तो कोरडा करण्याचे काम गावच्या केंद्रात आजपासून सुरू होऊ शकते.