त्रिनिदादला जायचं तर कार्निव्हलच्या आधी जा

त्रिनिदादचं कार्निव्हल म्हटलं की आपल्या लोकांना फक्त पिसं आणि बिकिन्या आठवतात, इन्स्टावर तेच दिसतं म्हणा. पण माझं स्पष्ट मत आहे, ॲश वेन्सडेच्या (ख्रिस्ती उपवासपर्वाचा पहिला दिवस) आधीचे ते कार्निव्हलचे मुख्य सोमवार-मंगळवार हुकले तरी चालतील, त्याआधीच्या पॅनयार्डमधल्या, म्हणजे स्टीलपॅन (तेलाच्या पिंपाचं सुरेल वाद्य) वाजवणाऱ्या बँडच्या तालमीच्या अंगणातल्या रात्री चुकवू नका. कॉस्च्युम घालून मिरवायला हजारो टीटी (त्रिनिदादी) डॉलर मोजावे लागतात, आणि इथे राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये शार्लट स्ट्रीटवर रेनेगेड्स बँडची किंवा ड्यूक स्ट्रीटवर ऑल स्टार्स बँडची तालीम फुकट ऐकता येते, कोणी हटकत नाही.

तालीम म्हणजे काय तर अरेंजर (बँडसाठी गाणं बसवणारा) चार सूर सांगतो, टेनरवाले (सगळ्यात उंच सुरांचं पॅन वाजवणारे) वाजवतात, चुकलं की परत, परत, परत. समोर नोटेशनचा कागद नाही. पॅनोरमाला, म्हणजे स्टीलपॅन बँडच्या मोठ्या स्पर्धेला, मोठ्या बँडमध्ये १२० पर्यंत वादक असतात आणि आठेक मिनिटांचा तुकडा सगळ्यांना तोंडपाठ! बेसवाली पोरगी सहा अख्ख्या पिंपांच्या मधे उभी, एकेका पिंपावर तीनच सूर, त्यामुळे तिचं वाजवणं म्हणजे कमरेतून गरागरा वळणंच असतं. मागे इंजिन रूम, म्हणजे ताल धरणाऱ्यांचा ताफा, तिथे एकजण गाडीच्या ब्रेक ड्रमवर लोखंडी सळई हाणतोय आणि तो आवाज थेट दातात जातो (इअरप्लग न्या, खरंच सांगतेय).

आणि हे सगळं आलं कुठून, तर बंदीतून. १८८० च्या दशकात इंग्रजांनी ढोल बंद केले, मग लोकांनी बांबू आपटले, १९३० च्या दशकात डबे, मग ५५ गॅलनची तेलाची पिंपं. पिंपाचा तळ हातोडीने खोलगट करायचा, विस्तवावर तापवायचा आणि एकेक सूर ठोकून ठोकून लावायचा. पूर्वी पॅनवाला म्हणजे गुंड, पोलीस मागे लागायचे, घरचे पोरांना यार्डात फिरकू द्यायचे नाहीत. १९९२ मध्ये तेच राष्ट्रीय वाद्य झालं आणि २०२३ पासून युनोने ११ ऑगस्ट हा स्टीलपॅन दिवस ठरवला. त्यामुळे कोणी याला 'रिसॉर्टमधलं टुणटुण' म्हटलं की माझं डोकंच फिरतं.

तिथले भारतीय म्हणजे फक्त चटणी म्युझिक (भोजपुरी लोकगीतांतून आलेलं तिथलं नाचाचं संगीत) असंही आपण समजतो. अहो, रेनेगेड्सला तब्बल ९ वेळा पॅनोरमा जिंकून देणारा अरेंजर जीत सामरू, १८४५ ते १९१७ मध्ये जहाजांतून मजुरीला नेलेल्या आपल्याच लोकांच्या वंशातला. आपल्याला पोर्ट ऑफ स्पेन माहीत ते १९७१ च्या गावसकरमुळे, त्याच्यावर तर तिथे कॅलिप्सोही (तिथल्या लोकसंगीतातलं गाणं) झाला, पण सामरूचं नाव विचारा कोणाला.

एक तक्रार मात्र आहे. मंगळवारी रस्त्यावर म्युझिक ट्रकांचे स्पीकर एवढे की पॅन ऐकूच येत नाही, ज्याचा हा सगळा सोहळा त्यालाच शोधत फिरायचं! तिथले जुने लोकही यावर भडकतात आणि त्यांचं बरोबरच आहे. म्हणून म्हणते, पॅनोरमाच्या दिवशी सॅव्हानाला (स्पर्धा होते ते मोठं मैदान) गेलात तर स्टँडमध्ये बसून राहू नका, ड्रॅगवर, म्हणजे स्टेजकडे जाणाऱ्या वाटेवर जा. स्टेजवर चढायच्या आधी बँड तिथेच पॅन लावलेल्या चाकांच्या रॅक ढकलत उभे असतात आणि शेवटचं वाजवून बघतात, तुम्ही हातभर अंतरावर. येताना डबल्स (मऊ तळलेल्या पुऱ्यांमध्ये छोले) खा, 'स्लाइट पेपर' म्हणजे तिखट थोडंसंच असं सांगूनच, नाहीतर घसा जाईल.