तिकीट फोनवर हवं, तर रेंजही हवी

2023 च्या क्रिकेट विश्वचषकाला ई-तिकिटं मिळणार नाहीत, छापील तिकीट केंद्रावर जाऊन घ्यावं लागेल, असं बीसीसीआयने जाहीर केलं तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संताप उसळला होता. वानखेडे किंवा गहुंजेच्या सामन्याचे पैसे ऑनलाइन भरायचे आणि मग कागदासाठी रांगेत उभं राहायचं, हा काय प्रकार? हल्ली फुटबॉलच्या गप्पांतही तोच विषय निघतो आणि शेवट ठरलेला: ‘तुमच्या इंग्लंडमध्ये बघ, फोन दाखवला की आत.’

त्यांचा राग रास्त आहे. पण मी इथे उत्तर इंग्लंडमध्ये बरीच वर्षं मैदानावर जातो, आणि हे चित्र अर्धंच आहे.

कोविडनंतर इथल्या बहुतेक मोठ्या क्लबांनी तिकिटं फोनवर आणली. खाण्यापिण्याच्या काउंटरवर अनेक ठिकाणी रोख पैसे चालत नाहीत. टॉटनहॅमचं नवं मैदान तर 2019 मध्ये उघडलं तेच रोखीशिवाय. म्हणजे तिकीट फोनमध्ये, पाकीट फोनमध्ये, परतीच्या ट्रेनची वेळही फोनमध्येच. आणि जिथे पन्नास-साठ हजार माणसांना एकदम त्याची गरज पडते, नेमकं तिथेच नेट बसतं. टॉवर फुल दिसतो, पण पान उघडत नाही, नुसतं गोल गोल फिरत राहतं.

गेल्या हिवाळ्यात टर्नस्टाइलपाशी, म्हणजे एकेकाला आत सोडणाऱ्या फिरत्या फाटकापाशी, माझ्यापुढे एक आजोबा होते. नातवाने तिकीट ईमेलवर पाठवलेलं. एका हाताचा मोजा दातात धरून ते थंडीने आखडलेल्या बोटाने लिंक दाबत होते आणि पडदा पांढराच राहत होता. मागची रांग कुरकुरायला लागली. स्टीवर्डने, म्हणजे गर्दी सांभाळणाऱ्या मैदानावरच्या कर्मचाऱ्याने, त्यांना बाजूला घेतलं आणि मैदानाच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या तिकीट खिडकीकडे पाठवलं. त्यांची खुर्ची माझ्या पुढच्याच रांगेत होती. ते येऊन बसले तेव्हा एक गोल होऊन गेला होता. तिकीट घरूनच फोनच्या वॉलेट ॲपमध्ये उतरवून ठेवलं की फोन टेकवताना नेट लागत नाही, हे खरं. पण ते सगळ्यांना ठाऊक नसतं. शिवाय कुणाचं ॲप ऐनवेळी लॉग-आउट होतं, कुणाला मित्राचं तिकीट फाटकापाशीच आपल्या नावावर करून घ्यायचं असतं.

याला नुसती गैरसोय म्हणून सोडून देणं मला पटत नाही. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर 1971 मध्ये जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन 66 माणसं गेली. त्यानंतर 1973 मध्ये मैदानांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिका निघाली, तिला इथे ‘ग्रीन गाइड’ म्हणतात. तिच्यात एका टर्नस्टाइलमधून तासाला जास्तीत जास्त 660 माणसं आत जातील असं धरलेलं आहे. म्हणजे माणसामागे साडेपाच सेकंदसुद्धा नाहीत. एक फोन एक मिनिट अडला की अकरा जणांची वेळ गेली, आणि सामना सुरू व्हायच्या आधीच्या अर्ध्या तासात असे फोन एकामागून एक अडतात. फाटकाबाहेर गर्दी साचली की काय होतं, हे या देशाने 15 एप्रिल 1989 ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर पाहिलं आहे. मोजक्या टर्नस्टाइल्सपुढे हजारो लोक अडकले, दाब कमी करायला मोठं दार उघडलं गेलं, आणि आतल्या कप्प्यांत चेंगरून 97 जणांचा जीव गेला. दोष प्रेक्षकांचा नव्हता, हे ज्युरीने 2016 मध्ये स्पष्ट सांगितलं. ज्या देशाला ही किंमत मोजावी लागली, तिथे फाटकावरच्या नेटवर्ककडे ‘असलं तर बरं’ अशा नजरेने बघितलेलं मला सहन होत नाही.

नेट बसतं कशामुळे? साधा टॉवर आसपासच्या वस्तीच्या रोजच्या वापराच्या हिशेबाने उभा असतो. सामन्याच्या दिवशी अख्ख्या शहराइतकी माणसं एका वाडग्यात येऊन बसतात आणि हाफटाइमच्या पंधरा मिनिटांत सगळेच व्हिडिओ पाठवायला लागतात. सिमेंट आणि पोलाद सिग्नल अडवतात, माणसांची शरीरंही तो शोषतात. पूर्वी लोक सामना बघताना दुसरीकडचा स्कोअर कळावा म्हणून ट्रान्झिस्टर कानाला लावायचे. ऐकणारे कितीही वाढले तरी रेडिओ बसत नाही, कारण तो फक्त सांगत असतो; मोबाइलच्या टॉवरला मात्र प्रत्येकाशी वेगळं बोलावं लागतं. उपाय आहेत: छतापासून जिन्यापर्यंत छोटे अँटेना, खुर्च्यांखाली वाय-फायचे डबे. पण प्रीमियर लीगमधल्या क्लबचे घरच्या मैदानावरचे लीग सामने वर्षाला अवघे 19. तेवढ्यासाठी खर्च कोणी करायचा, यावर क्लब कंपन्यांकडे बघतो आणि कंपन्या क्लबकडे.

मैदानात फोन हवाच कशाला, सामना बघा की, असं म्हणणारेही आहेत. नेदरलँड्समध्ये पीएसव्ही आइंडहोवेनच्या चाहत्यांनी 2014 मध्ये वाय-फाय नको, संघाला साथ द्या, अशा अर्थाचा फलक धरला होता. गाणी थांबतील, आवाज विरेल, ही त्यांची भीती मला समजते. खेळ चालू असताना फोनमध्ये डोकं घालणारा शेजारी मलाही नको असतो. पण हा वाद फोन ऐच्छिक होता तेव्हाचा. आता फोनशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. आत बसल्यावरही, व्हीएआरमध्ये, म्हणजे व्हिडिओ बघून पंचांचा निर्णय पडताळताना, नेमकं काय तपासलं जातंय, ते घरी टीव्हीसमोर बसलेल्याला आमच्या आधी कळतं.

आणि एक गोष्ट आमच्यासारख्यांना अधिक जाणवते. इथल्या बऱ्याच मैदानांवर एक नंबर दाखवतात: कोणी वर्णद्वेषी शिवीगाळ केली तर मेसेज करा, स्टीवर्ड येईल. शेजारून शेरे ऐकू येत असताना उठून, सगळ्यांसमोर बोट दाखवून तक्रार करणं किती अवघड असतं, हे भारतीय चेहऱ्याच्या माणसाला विचारा. गुपचूप पाठवता येणारा तो मेसेज हाच आमचा आधार. तो गेला की अडकला याची खात्री नसेल, तर सोय कागदावरच राहते.

म्हणून घरच्यांना सांगतो, मोबाइल तिकिटं जरूर मागा, पण त्याच दमात रेंजही मागा. फातोर्डा आणि डी. वाय. पाटील स्टेडियमने 2017 मध्ये 17 वर्षांखालील फिफा विश्वचषकाचे सामने भरवले, अंधेरीत मुंबई सिटीचे सामने रंगले. आपल्याकडे तर वडापावचे पैसेही यूपीआयने दिले जातात, तेव्हा नेट बसलं की माणूस उपाशी राहतो. आणि हे जमणार नाही असं कोणी सांगू नये. प्रयागराजच्या कुंभात गर्दीसाठी चाकांवरचे तात्पुरते टॉवर उभे राहतात, मग मोठ्या सामन्याच्या दिवशी स्टेडियमबाहेर का नाही? सामन्याची परवानगी देताना फाटकापाशी, गर्दीच्या वेळी नेटवर्क तपासून घ्या. आणि नेट बसलं तर नावाची यादी बघून माणसाला आत सोडणारी एक खिडकी प्रत्येक बाजूला ठेवा, म्हणजे कुणा आजोबांना मैदानाला वळसा घालावा लागणार नाही.