टक्का दिसला की छाटा

लाटेक या अक्षरजुळणीच्या भाषेतलं हस्तलिखित वेबपानांच्या एचटीएमएलमध्ये न्यायचंय? लाटेकमध्ये टक्क्यापासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर म्हणजे कॉमेंट, लेखकाची न छापली जाणारी टीप. पार्सर, म्हणजे मजकुराची रचना ओळखून वाचणारा प्रोग्राम, लिहिण्याचे भित्रे उद्योग सोडा. रेगेक्स, म्हणजे मजकुरात नमुना शोधणारं सूत्र, घ्या आणि टक्क्यापासून ओळीच्या शेवटापर्यंत सगळं उडवा. झाल्या कॉमेंट साफ! ‘व्याजदर ८\% राहील’ मधून ‘व्याजदर ८\’ एवढंच उरलं, तर ठेवीदारांनी त्यात समाधान मानावं.

कुणी शहाणा सांगेल, टक्क्यामागे उलटा स्लॅश असेल तर तो छापायचा टक्का असतो, हात लावू नका. बरं, नका लावू. मग ‘\\%’ येईल. तिथे दोन स्लॅश मिळून ओळ तोडतात आणि टक्का खरोखरच कॉमेंट सुरू करतो. तुमचा रेगेक्स मागचा एकच स्लॅश बघणार, आणि ‘हा आकडा प्रकाशकाला कळू देऊ नका’ ही टीप थेट पानावर छापणार.

लाटेकची कॉमेंट ओळीचा शेवटही गिळते, ते काही मनावर घेऊ नका. फक्त मजकूर पुसा, ओळ तशीच राहू द्या. परिच्छेदाच्या मधोमध नुसत्या कॉमेंटची ओळ असली की तिथे कोरी ओळ उरते, म्हणजे नवा परिच्छेद. पुस्तक फुकटात जाडजूड होतं.

आता व्हर्बॅटिम, म्हणजे कोड वगैरे जसाच्या तसा छापणारा भाग. त्यात टक्का हा नुसता टक्का असतो, म्हणून पायथनच्या नमुन्यातल्या, बाकी काढणाऱ्या ‘१७ % ५’ चं ‘१७’ करून टाका. बाकी उरलीच नाही, तर भागाकार सोपा. हे पटत नसेल तर व्हर्बॅटिमचे तुकडे आधी बाजूला काढा, जागी खुणा ठेवा. फक्त एखाद्या कॉमेंटमध्ये लेखकाने व्हर्बॅटिमच्या सुरुवातीची आज्ञा सहज लिहून ठेवलेली असते. रेगेक्स तिथून जो सुटतो, तो पुढच्या खऱ्या शेवटावरच थांबतो. मधली प्रकरणं जशीच्या तशी, कोडच्या टाइपात. डावीकडून उजवीकडे एकदाच अक्षर-अक्षर वाचत, आपण आत्ता कॉमेंटमध्ये आहोत की व्हर्बॅटिममध्ये हे लक्षात ठेवणारा छोटा स्कॅनर हे सगळं मिटवतो म्हणे. पण मग रविवारी करायचं काय?

एचटीएमएलमध्ये काही चिन्हांच्या जागी त्यांची सांकेतिक नावं लिहावी लागतात. म्हणून व्हर्बॅटिममध्ये आधी ‘<’ बदला, मग ‘&’. पहिल्या बदलातून आलेला ‘&’ दुसऱ्यात पुन्हा बदलेल आणि वाचकाला चिन्हाऐवजी त्याचं सांकेतिक नाव वाचायला मिळेल.

कॉमेंट टाकून देववतच नसतील तर ‘<!--’ आणि ‘-->’ या एचटीएमएलच्या कॉमेंट-खुणांमध्ये गुंडाळा. आत कुठे ‘क --> ख’ असा बाण असला की कॉमेंट तिथेच संपेल आणि उरलेलं जगजाहीर. बाण नसला तरी परीक्षकाबद्दल तुम्ही काय लिहिलंय ते पानाचा सोर्स उघडला की दिसतंच, आणि परीक्षकाला सोर्स उघडता येतो.