पाकीट सोडून सगळं मोजा

बेळगावच्या उद्यमबागेत तुमची मसाल्याची कंपनी आहे, जाहिरातीवर पैसा चाललाय आणि तो कामी येतोय का, या शंकेनं झोप लागत नाही. खरं तर मालकाला शंका शोभत नाही. आलीच असेल तर एवढं करा.

मोहीम मार्च-एप्रिलमध्ये चुकूनही काढू नका. त्या दिवसांत आपल्याकडे संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची अंगणात वाळत पडलेली असते, डंकावर कांडपाला रांग असते, वर्षाची चटणी बरणीत जाते. पाकिटाला विचारतंय कोण? गणपती गेले की बरण्यांचा तळ दिसायला लागतो, दसरा-दिवाळीचे पाव्हणे येतात, पाकिटं आपोआप उठतात. जाहिरात तेव्हाच सोडा. आलेख सुरेख वर जातो. गेल्या साली जाहिरात नसताना याच महिन्यात किती माल गेला होता, असं विचारणारा अकाउंटंट ठेवला असेल, तर त्याला जीएसटीच्या कामात बुडवून ठेवा.

विक्री कशाला म्हणायचं, तेही एकदा ठरवून टाका. कारखान्याच्या गेटातून टेम्पो सुटला की विक्री झाली. दहा खोक्यांवर एक फुकट म्हटलं की रविवार पेठेतला होलसेलवाला गुमान माल उतरवून घेतो. टार्गेट पूर्ण, सेल्समनला इन्सेंटिव्ह, एजन्सीला शाबासकी. ती खोकी त्याच्या माळ्यावर चढली की खानापूरच्या एखाद्या काकींच्या कढईत पडली, हे बघायला शिडी चढावी लागते, आणि तुमचे गुडघे आधीच दुखतात. मुदत उलटून खोकी परत आली तर पावसावर ढकला. खानापुरात त्याला तोटा नाही.

होर्डिंग हवंच. दुकानाच्या नामफलकावर ६० टक्के कन्नड हा कर्नाटकाचा २०२४ चा नियम तुम्हाला पाठ असेलच, तोच इथंही धरा. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी, इंग्रजी, झणझणीत रस्सा आणि तुमचा फेटा घातलेला फोटो बसवा. मसाल्याचं नाव राहिलं तर राहू दे. येता-जाता चार लोक ‘शेठ, बोर्ड बघितला की वो’ म्हणतील. पाकीट घेतलं का, असं त्यांना विचारणं बरं दिसत नाही.

रीलचं तर विचारूच नका. लाखभर लोकांनी बघितलं म्हणे. त्यातले किती सुरतेचे, किती पाटण्याचे आणि किती जण ‘कमेंट करा, कुकर जिंका’साठी आले, हा खोदकामाचा विषय आहे. आणि खोदकाम बेळगावच्या रस्त्यांवर पुरेसं चालू असतं.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. एखादा शिकलेला पुतण्या म्हणेल, ‘काका, दोन महिने निपाणीत जाहिरात बंद ठेवू, चिकोडीत चालू ठेवू आणि दोन्हीकडं दुकानातनं गिऱ्हाइकाला किती माल गेला ते बघू.’ त्याला लगेच स्थळं बघायला लागा. निपाणीत विक्री तेवढीच राहिली तर एजन्सीला काय तोंड दाखवणार? त्याहून वाईट म्हणजे, त्या एजन्सीची शिफारस तुमच्या मेहुण्यानं केलेली. जाहिरातीतला अर्धा पैसा वाया जातो, पण कुठला अर्धा ते कळत नाही, हे वाक्य अमेरिकेतले व्यापारी जॉन वानामेकर यांच्या नावावर खपतं. ते पुतण्याला ऐकवा. अर्धा तर अर्धा!

माझ्या ओळखीतल्या एकानं नको ते केलं. काउंटरवरच्या पोरीला शंभर पानी वही दिली आणि ‘आमचा मसाला कसा कळला?’ एवढंच लिहून घ्यायला सांगितलं. आठवड्यानं वही उघडली. ‘जावेनं दिलेला.’ ‘शेजारनीकडं आमटी खाल्ली.’ ‘दुसरा नव्हता.’ ‘जावेनं.’ परत ‘जावेनं.’ होर्डिंगचं नाव एकदाच, तेही ‘बोर्डाच्या खाली गाडी लावली, म्हणून आत आलो.’ वही आता रद्दीत आहे आणि होर्डिंग दुप्पट मोठं झालंय.

एजन्सीचा रंगीत रिपोर्ट आला की दुपारी जेवताना निवांत वाचा. फक्त वाचताना ताटाकडे बघू नका. भाकरीवरची ती लालभडक चटणी वहिनींनी एप्रिलमध्ये डंकावरनं कांडून आणलेली आहे.