‘खात्री झाल्याशिवाय बोलू नका’ हा सल्ला जिवावर बेततो

विद्यापीठावर संकट आलं तर प्रशासनाने आपल्याच विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना काय सांगावं, कधी सांगावं, यावर एक मजकूर बराच फिरतो आहे. आशय असा: पूर्ण खात्री होईपर्यंत अवाक्षर काढू नये, अर्धवट माहितीने घबराट माजते, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २००७ च्या गोळीबारात थांबून योग्यच केलं, त्या काळी झटपट कळवायची साधनं नव्हती, आणि आधी कळवलं असतं तरी काही फरक पडला नसता. जबाबदारीच्या खुर्चीवर बसलेली माणसंही हा मजकूर मान डोलावत पुढे पाठवतात, म्हणून हे उत्तर.

आधी घडलेलं सांगतो. १६ एप्रिल २००७, सोमवार. ब्लॅक्सबर्ग गावातल्या व्हर्जिनिया टेकच्या आवारात सकाळी सव्वासातच्या सुमारास वेस्ट अँब्लर जॉन्स्टन या वसतिगृहात दोन विद्यार्थ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. विद्यापीठाचा पहिला ईमेल निघाला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर पंधरा मिनिटांच्या आतच तोच मारेकरी नॉरिस हॉलच्या वर्गांत शिरला आणि त्याने आणखी ३० जणांना ठार केलं. त्यांत तमिळनाडूत जन्मलेले जलविज्ञानाचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते, आणि त्यांच्या वर्गात बसलेली मुंबईची एक विद्यार्थिनीही.

आता ‘खात्री नव्हती’ या मुद्द्याकडे वळू. सकाळच्या गोळीबारामागे प्रेमसंबंधातलं भांडण असावं, संशयित आवार सोडून गेला असावा, असा पोलिसांचा अंदाज होता. तो साफ चुकला. पण चूक कळण्याआधीही तो अंदाजच होता, खात्री नव्हती. म्हणजे खात्री नसताना ‘धोका टळला’ असं गृहीत धरणं चाललं, आणि ‘धोका आहे’ असं सांगणं तेवढं चाललं नाही. हे मला आजही पटत नाही. व्हर्जिनिया राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर टिम केन यांनी नेमलेल्या चौकशी समितीच्या अहवालात तर याहून बोचरी नोंद आहे. विद्यापीठाच्या संकटकाळात निर्णय घेणाऱ्या गटातल्या एका सदस्याने पावणेनऊ वाजता राज्याची राजधानी रिचमंडमधल्या सहकाऱ्याला ईमेल केला: एक विद्यार्थी मेला आहे, दुसरा गंभीर जखमी आहे, बंदूकधारी मोकाट आहे, पण हे अजून बाहेर सांगायचं नाही. दूरवरच्या राजधानीत कळवण्याइतकी माहिती हाती होती. ९ वाजून ५ मिनिटांच्या तासाला निघालेल्या मुलांना मात्र ती मिळाली नाही.

साधनांचा मुद्दा फार ताणण्यासारखा नाही. सगळ्यांना एका वेळी ईमेल पाठवायची सोय होती, आवारात भोंगे आणि ध्वनिक्षेपक होते. मोबाइलवर संदेश पाठवणारी यंत्रणा तेव्हा बसवली जात होती, हे खरं. पण वेळ गेला तो मंजुरीत. मजकूर वरच्या गटाने ठरवायचा, आणि तो पाठवण्याचे संकेतशब्द दोनच अधिकाऱ्यांकडे. घटनास्थळी उभ्या असलेल्या विद्यापीठाच्या पोलिसांना स्वतःहून इशारा देता येत नव्हता. आणि इतका वेळ घेऊन जो ईमेल गेला त्यात काय होतं? वसतिगृहात गोळीबाराची घटना घडली आहे, पोलीस तपास करत आहेत, सावध राहा. दोघांना गोळ्या घातल्या आहेत, त्यांतला एक मेला आहे आणि मारेकरी सापडलेला नाही, ही वाचणाऱ्याला खरी उपयोगाची माहिती त्यात नव्हती.

‘फरक पडला नसता’ हा मुद्दा सर्वांत गंभीर, कारण तो अर्धा खरा आहे. एवढं पसरलेलं आवार कुलूपबंद करणं शक्य नव्हतं, हे समितीनेही मान्य केलं. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये ठरवलं की विद्यापीठावर इशारा देण्याचं कायदेशीर कर्तव्य नव्हतं. (अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण विभागाचं मत उलट होतं, वेळेवर इशारा न दिल्याबद्दल त्याने २०११ मध्ये ५५,००० डॉलर दंड केला, अपिलात तो कमी झाला.)

पण नॉरिस हॉलच्या दारापाशी जा. मारेकऱ्याने बाहेर जाणारी दारं आतून साखळदंडाने बांधली होती. ती साखळी एका विद्यार्थिनीने पाहिली. तिला वाटलं, बांधकाम चालू असेल. एका प्राध्यापिकेला दारावर बॉम्बच्या धमकीची चिठ्ठी मिळाली. ती चिठ्ठी सफाई कर्मचाऱ्याच्या हाती तिसऱ्या मजल्यावर अधिष्ठात्यांच्या कार्यालयात गेली, आणि तिथून पोलिसांना फोन लागण्याआधीच गोळीबार सुरू झाला. या माणसांचं काहीच चुकलं नाही. त्यांच्या लेखी ती नेहमीची सकाळ होती. दोघांना गोळ्या घातल्यात आणि मारेकरी मोकळा आहे हे माहीत असतं, तर तीच साखळी पाहून कोणीही लगेच पोलिसांना फोन केला असता. वर २०५ क्रमांकाच्या खोलीतल्या मुलांना आवाजावरून सुगावा लागला. त्यांनी टेबल दाराला लावून आतून रेटून धरलं. मारेकऱ्याला आत शिरता आलं नाही, त्या खोलीत कोणीही मेलं नाही. तिथे काही क्षणांच्या आगाऊ कल्पनेने जीव वाचले, आणि विद्यापीठाकडे दोन तास होते.

राहता राहिली घबराट. ४ ऑगस्ट २०११ ला याच विद्यापीठात शिबिराला आलेल्या काही मुलांनी हातात बंदुकीसारखं काही घेतलेला माणूस पाहिल्याचं सांगितलं. माहिती कच्ची होती, तरी इशारा गेला. लोक आत थांबले, शोध झाला, काही सापडलं नाही, दुपारी निर्बंध उठले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला आवारात एका पोलीस अधिकाऱ्याची हत्या झाली, तेव्हा अर्ध्या तासाच्या आत संदेश गेला: वाहनतळाजवळ गोळीबाराची खबर आहे, आत थांबा, दारं बंद करा. मारेकरी कोण, कारण काय, हे त्यात नव्हतं, आणि त्या क्षणी ते लागतही नव्हतं. कुठे, काय, आता काय करा, एवढं पुरलं.

आपल्याकडेही परिपत्रक कुलसचिवांच्या सहीशिवाय निघत नाही. एरवी ते ठीकच. पण प्रयोगशाळेला आग लागली किंवा वसतिगृहात हल्ला झाला, तर पहिला संदेश पाठवण्याचा अधिकार त्या वेळी कामावर असलेल्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे असला पाहिजे, आणि संदेशाचा साचा आधीच मंजूर करून त्याच्या हाती दिलेला असला पाहिजे. व्हर्जिनिया टेकच्या चौकशी समितीनेही तेच सुचवलं होतं: इशारा पाठवण्याचा अधिकार आणि सोय आवाराच्या पोलिसांकडे द्या.